बिनपाठीचा कोट

मी एक जुना कोट आहे. दारव्ह्यात बस स्टँडसमोरच्या ओळीत इंद्रजितचा फोटो स्टुडिओ आहे, तिथल्या आरशाशेजारच्या खिळ्यावर मी लटकलेला असतो. कधीकाळी माझा रंग गडद निळा होता. आता कोणता आहे ते विचारू नका. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी या तालुक्यातून बारावीनंतर कॉलेजचा फॉर्म भरला असेल, तर बहुतेक त्यानं मला अंगात घातलेलं आहे. आठवत नसेल. कशाला आठवेल म्हणा! फोटो निघाला की पोरं मला अशी घाईनं उतरवायची, जणू अंगावर पाल पडली.

माझा जन्म खरं तर लग्नासाठी झाला. इथल्याच एका टेलरनं मला एका नवरदेवासाठी अगदी मन लावून शिवलं. खांद्याला भरणी, आतून मऊ अस्तर, छातीशी लपवलेला एक छोटा खिसा. नवरदेव ट्रायलला आला आणि आरशात पाहून गालातल्या गालात हसला. पण हळद लागायच्या आधीच सोयरीक मोडली, आणि मला न्यायला कोणी आलंच नाही. टेलरच्या दुकानात मी धूळ खात पडलो. कंटाळून त्यानं मला इंद्रजितला देऊन टाकलं. वाटलं, चला, सुटलो एकदाचा. कसला सुटतो! इंद्रजितनं पहिल्याच दिवशी कात्री घेतली आणि मला मागच्या बाजूनं, खालपासून कॉलरपर्यंत उभा फाडला.

का, तर गिऱ्हाईक जाडं असो की काडीसारखं, कोट सगळ्यांना बसला पाहिजे. जाड्याच्या पाठीवर मला उघडं सोडायचं, बारक्याच्या पाठीवर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी आवळायचं. टायही तशीच, कायमची गाठ मारलेली आणि मागे इलास्टिक. समोरून पाहावं तर मोठा साहेब, मागून पाहावं तर तमाशा. मला ते फार लागलं होतं. पण कॅमेरा काही पाठीमागे जात नाही, त्यामुळे हळूहळू मीही ते मनावर घेणं सोडलं.

मग कामाची वर्षं आली. बारावीचा निकाल लागला की स्टुडिओच्या पायऱ्यांवर पोरांची रांग लागायची. कोणाला नर्सिंगला जायचं असे, कोणाला इंजिनिअरिंगला, कोणाला नुसतंच गावाबाहेर पडायचं असे. एकाच्या घामानं ओला झालेला मी तसाच दुसऱ्याच्या अंगावर चढायचो. मला धुणार दिवाळीला, तेही आठवण राहिली तर. तरी अभिमान होता हो मला! एकदा एका पोराची आई माझ्या बाहीवरून हात फिरवत म्हणाली, "बाप्पा! माहं पोट्टं त कलेक्टरच दिसून राह्यलं!" त्या दिवशी मी असा फुगलो होतो की चिमटे तुटायचे राहिले. ज्या शहरांचं मी तोंड पाहिलं नाही, तिथल्या कॉलेजांच्या कपाटांत माझी कॉलर जाऊन बसली आहे, याचं मला फार अप्रूप वाटायचं.

इंद्रजित तसा माणूस वाईट नाही. पण त्याच्या हाताला एक खोड आहे. कॉम्प्युटरवर चेहरा आला की तो साफ केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तीळ, डाग, पुटकुळ्या, लहानपणी पडल्याची खूण, सगळं पुसून टाकायचं आणि वरून गोरं करायचं. याला तो फिनिशिंग म्हणतो. आणि आमच्याकडच्या आईबापांची खोड त्याहून मोठी. मुलीचा फोटो एकदाच काढायचा, तोच कॉलेजच्या फॉर्मला लावायचा आणि तोच पुढे स्थळांना पाठवायचा. मग तो गोराच लागणार. या दोन खोडींनी मिळून काय केलं ते मला सांगायचं आहे. बाकी माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं आहे तरी काय?

गेल्या वर्षी उन्हं तापायला लागली होती, तेव्हा बबिता आली. जवळच्याच एका तांड्यावरची बंजाऱ्याची पोर, बारावीला असलेली. सोबत वडील उत्तमसिंग, डोक्याला पांढरा रुमाल, पायात नवी चप्पल. बबिता सावळी, तरतरीत. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं हिरवट गोंदण. तिच्या आजीनं, पंचफुलानं, जत्रेत तिला मांडीवर घेऊन ते गोंदवून घेतलं होतं, असं तिनंच सांगितलं. बोलायला लागली की ती त्या गोंदणाला सारखं बोट लावायची.

"मंग काय बनाचं हाय तुले?" चिमटे लावता लावता इंद्रजितनं विचारलं.

"भाषेचा अभ्यास कराचा हाय भाऊ. आमची गोरबोली म्हातार्‍या मानसाईसंग चालली. याडीले, म्हंजे माह्या मायले, जेवढे शब्द येते, तेवढे मले येत नाही. मले थे सारे लिहून काढाचे हाय. त्याचं शिक्षन दूरच्या मोठ्या विद्यापीठात हाय, प्रवेश परीक्षा द्या लागते."

"बोली लिहून कोनाचं पोट भरलं वो?"

"नाही भरलं त तुमच्याकडे फोटो काढाले येईन," ती म्हणाली आणि खळखळून हसली. उत्तमसिंगही हसला. लेकीचा त्याला अभिमान नव्हता असं कोणी म्हणू नये. आजवर कोणी मला अंगात घालून असं काही बोललं नव्हतं. मला ती पोर फार आवडली.

फोटो निघाला. ऑनलाइन सेंटर शेजारीच होतं, तिथली रांग बघायला ती गेली. तेवढ्यात उत्तमसिंग इंद्रजितजवळ सरकला.

"इंद्रजितभाऊ, फोटो जरा उजळ काढजो. पोट्टी सावळी हाय. उद्या सोयरिकीलेही हाच लागन, दोनदा कायले काढाचा?"

"अन् हे गोंदण?"

"आजकालच्या पोट्ट्याईले नाही आवडत म्हनते. काढून टाक."

झालं. इंद्रजितचा हात फिरला आणि पंचफुलानं मांडीवर घेऊन गोंदवलेलं ते सगळं दोन क्लिकमध्ये पुसलं गेलं. बबिता परत आली तेव्हा पडद्यावर माझ्या कॉलरीच्या वर कोणा गोऱ्यापान बाईचा चेहरा होता.

"भाऊ, हे मी नाही. माहं गोंदण कुठं गेलं?"

"फॉर्मवर एवढासा फोटो दिसते वो. कोन पाह्यते? सारेच असे लावते."

"दुसरा काढा ना."

"आज शेवटची तारीख हाय ना तुही? सेंटरवाला शटर पाडून राह्यला पाह्य."

"चांगला त आला," उत्तमसिंग म्हणाला. "चाल."

ती काउंटरपाशी थोडा वेळ घुटमळली. हनुवटीला हात लावला. मग फोटो घेऊन गेली. तेव्हा मला तोंड असतं ना, तर मी बोंब मारली असती!

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी ती परत आली. बापाच्या पुढे चालत आली. डोळे सुजलेले. तिनं हॉल तिकीट काउंटरवर ठेवलं.

"भाऊ, हे कोन हाय?"

"काहून? तूच ना वो."

"मंग चला माह्यासंग अन् त्याईले सांगा."

मग तिनं सांगितलं. परीक्षेच्या केंद्राच्या दारात तपासणीच्या बाईंनी हॉल तिकीट पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तिला बाजूला उभं केलं. फोटोत ठिपके नाहीत, तुझ्या हनुवटीवर कुठून आले, म्हणाल्या. आधार दाखवलं तर त्यावर तिसरीतल्या शेंबड्या पोरीचा फोटो. मोठे साहेब येतील, थांब, म्हणाल्या. ती थांबली. तिच्या मागून आलेल्या पोरी एकेक करून आत गेल्या. साहेब आले तोवर फाटक बंद झालं होतं.

"एक फोटो लेकराचा, एक कोन्या गोर्‍या बाईचा. मी त कोनत्याच कागदावर नव्हती भाऊ," बबिता म्हणाली. "साहेबानं काय इचारलं मले, मालूम हाय? दुसरीच्या जागी पेपर द्याले आली काय? किती पैसे भेटले? चार लोकाईसमोर इचारलं."

इंद्रजितनं मान खाली घातली, पण हट्ट सोडला नाही. "माह्यापाशी आजलोक कोनाची तक्रार नाही आली."

"गोंदण काढाले कोनं सांगतलं?"

इंद्रजितनं फक्त दारात उभ्या असलेल्या उत्तमसिंगकडे पाहिलं. बबितानंही मागे वळून पाहिलं. तिच्या तोंडावरचा राग गेला आणि जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. ते बघायला नको होतं मला.

"तुह्या भल्यासाठीच सांगतलं वो बाई," उत्तमसिंग पुटपुटला. "पुढच्या साली देजो पेपर."

बबितानं हॉल तिकीट घडी घालून परत नेलं.

पुढचं साल कसलं येतंय! सोयाबीन निघालं आणि उत्तमसिंग एकटाच स्टुडिओत आला. त्याच फोटोच्या आणखी कॉप्या हव्या होत्या. उमरखेडकडचं एक स्थळ चालून आलं होतं, त्यांना फोटो पसंत होता. नंतर पाहुणे घरी येऊन गेल्याचंही त्यानंच सांगितलं. "म्हनले, फोटोपेक्षा सावळी हाय, पन चालते," हे सांगताना त्याला केवढा आनंद झाला होता! मी खिळ्यावर लटकून ऐकत होतो. ज्या फोटोपायी तिला परीक्षेच्या फाटकातून परत लावलं, तोच फोटो लग्नाला चालला. तिथे कोणी तिला बाजूला उभं केलं नाही, कोणी आधार मागितलं नाही. बिनबोभाट जमलं.

मलाही एका मोडलेल्या लग्नासाठी शिवलं होतं. हेही मोडावं, असं मी मनोमन म्हणालो. माझं कोण ऐकतो?

लग्नाच्या बांगड्या भरायला ती आईसोबत दारव्ह्याला आली, तेव्हा स्टुडिओची पायरी चढली. आई हंसाबाई पिशव्या घेऊन बाकावर टेकली. इंद्रजितनं सवयीनं मला खिळ्यावरून काढलं.

"कोट नको भाऊ," बबिता म्हणाली. तिनं मला त्याच्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि माझ्या फाटलेल्या पाठीकडे पाहत राहिली. "याले पाठ नाही, हे मले तवाच दिसलं होतं." मग मला परत खिळ्यावर अडकवलं. "माहा असाच काढा. अन् काही पुसू नका."

इंद्रजितनं निमूट फोटो काढला. हंसाबाईनं तिला आपल्या बोलीत काहीतरी विचारलं. बबितानं उत्तर मात्र मराठीत दिलं, इंद्रजितला कळावं म्हणून.

"कोनत्या फॉर्मले नाही लागत याडी. मी कशी होती, थे माह्यापाशी राहू दे."

फोटो फार सुरेख आला. सावळा चेहरा, हनुवटीवर तीन ठिपके, डोळे थेट समोर. या स्टुडिओतून निघालेला इतका चांगला फोटो मी दुसरा पाहिला नाही. त्या फोटोत मी नाही, हे बरंच झालं.

आता इंद्रजितच्या कॉम्प्युटरमध्येच तयार कोट आले आहेत. निळा, काळा, करडा, हवा तो चेहऱ्याखाली चिकटवायचा. ना घाम, ना चिमटे. मी आता प्रिंटरवरची धूळ पुसायच्या कामी येतो. मित्रांनो, मला धुवा, मला जपा, असं काही मी तुमच्याकडे मागणार नाही. उकिरड्यावर टाकलंत तरी माझी तक्रार नाही. पण पोरीला फॉर्मच्या फोटोसाठी आणाल, तेव्हा तिच्या तोंडावर जे आहे ते तिथेच राहू द्या. तीळ असेल तर तीळ, गोंदण असेल तर गोंदण. तिला पुढे जायचं आहे ते त्याच तोंडानं. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

कराल की नाही, मला शंकाच आहे. स्टुडिओच्या दर्शनी काचेत इंद्रजितनं बबिताचा फोटो लावला आहे. दुसरा नव्हे, पहिला. गोरापान, कोटातला. त्याला अजूनही तो आपल्या हातचा सगळ्यात चांगला फोटो वाटतो. पोरींना घेऊन येणारे आईबाप आत शिरण्याआधी काचेपाशी थांबतात, त्या फोटोवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "भाऊ, आमच्या पोट्टीचा अस्साच काढून द्या."