जांगडवर आणलेले बूट

बास्केटबॉलमध्ये उडी मारून उतरताना रिद्धीचा डावा घोटा मुरगळला, तेव्हापासून मी त्या घोट्याची आई झाले आहे, रिद्धीची नंतर. हे माझं म्हणणं नाही, रिद्धीचं आहे. ती अकरा वर्षांची आहे आणि बोलायला तिला कुठलाही सपोर्ट लागत नाही.

घोटा कधीच बरा झाला. डॉक्टरांनी तो फिरवून दाखवला, मी पण घरी रोज फिरवून बघते. पण रिद्धी उडी मारेना. ड्रिबल करायची, पास द्यायची, आणि रिंगवर आपटून बॉल वर उडाला की बाकीच्या मुली त्याच्यासाठी वर जायच्या. ही खाली उभी राहून त्यांची वाट बघायची, रिक्षा स्टँडवर बघावी तशी.

तिचे कोच राजरत्न सर मला कात्रपच्या मैदानाबाहेर गाठून म्हणाले, "ताई, रविवारी अंबरनाथला जिल्ह्याच्या टीमची ट्रायल आहे. रिद्धीचा हात सुंदर आहे. पण रिबाउंडला वर गेली नाही तर सिलेक्टर मॅडमना मी काय सांगू? मुलगी जमिनीला धरून आहे?"

"बुटांमुळे होत असेल का, सर?"

सरांनी घड्याळ बघितलं. "असेल," ते म्हणाले. मी तो होकार धरला.

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं आहे. भीतीचं काय करायचं ते अभ्यासक्रमात नव्हतं, पण उंचावरून पडणाऱ्या वस्तूचं होतं. मी व्हिडिओ बघायला लागले. एक परदेशी मुलगा नवा कोरा बूट करवतीने मधोमध कापून आतला फोम दाखवत होता. त्याच्या आईला हे माहीत आहे का, असं मला सारखं वाटत होतं. पण त्याच्याकडून मला कळलं की बुटात तीन गोष्टी बघायच्या: पायाला आराम, घोट्याला आधार आणि उतरताना बसणारा दणका किती शोषला जातो ते. तिन्ही एकाच बुटात मिळत नाहीत, असंही तो म्हणाला. हे ऐकून मला झोप लागली नाही.

माझा नवरा कल्पेश अंबरनाथच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तो म्हणाला, "हरेशसेठकडे जा. त्यांचे बुटांचे खोके आमच्याकडूनच जातात."

हरेशसेठचं दुकान उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आहे.

"या भाभी. बास्केटबॉल? नंबर बोला."

"नंबर नंतर. आधी मिडसोल कसला आहे सांगा. मधला फोम."

"एकदम मस्त आहे."

"मस्त म्हणजे?"

"मस्त मतलब दाबून बघा."

मी दाबला. अंगठा आत गेला आणि परत आला. "आणि घोट्याला सपोर्ट?"

"भाभी, जिंदगी में किसको सपोर्ट मिला है? इथे निदान नाडी तरी आहे."

मी तीन जोड समोर ठेवून बसले. पहिला घोट्याच्या वर येणारा, जाड, काळा. दुसरा कमी उंचीचा, पापडासारखा हलका. तिसरा निळा, दोघांच्या मधला, टाचेखाली भरपूर फोम असलेला. मी आलटून पालटून तिघांचे घोटे वाकवत होते. मागे दोन गिऱ्हाइकं येऊन, चपला घेऊन निघूनही गेली. शेवटी सेठच म्हणाले, "तीनों ले जाओ. जांगड."

जांगड म्हणजे माल घरी न्यायचा, बघायचा, पसंत पडेल तो ठेवायचा आणि बाकीचा परत करायचा. इकडे साड्या जातात जांगडवर, दागिने जातात. बूट बहुतेक पहिल्यांदाच चालले होते.

"कल्पेशभाई घरचा माणूस आहे," सेठ म्हणाले. "फक्त सोलला डाग नको. सोल मैला, तो माल तुम्हारा."

ही अट मी फार मनावर घेतली.

फरशी मी दोनदा पुसते, पण फरशी ती फरशीच. म्हणून पहिली चाचणी बेडरूममध्ये, गादीवर घेतली. रिद्धीने पहिला जोड घालून उड्या मारल्या, मग दुसरा, मग तिसरा.

"बोल, कुठला मऊ?"

"सगळेच."

"नीट सांग. मऊ टाचेला लागतोय की चवड्याला?"

"गादीला."

माझ्या सासूबाई, ठमाबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या. गावाकडची शेती दिराकडे देऊन त्या सध्या आमच्याकडे असतात आणि आमच्याकडे काय चाललंय ते बघत असतात. "क गो, ही गादीवर कनाला उरतंय?"

"बुटांची टेस्ट आहे, आई."

"मंग गादीच बांध ना पायाला."

रिद्धी इतकी हसली की गादीवरून खाली आली. फरशीवर. मी आधी सोल तपासले, मग तिला. सोल स्वच्छ होते.

गादीवरच्या निकालावर विसंबता येणार नाही हे मलाही कळलं. खाली सोसायटीच्या पार्किंगमध्ये बघायला हवं होतं, पण पार्किंगमध्ये धूळ, ऑइल, मांजर. मग मला कल्पेशची टेप आठवली. खोके बंद करायची रुंद, पारदर्शक टेप आमच्या घरात कधीच संपत नाही. मी सहाही बुटांच्या सोलवर ती नीट कापून चिकटवली, कडा नखाने दाबल्या. फार सुबक काम झालं होतं. कल्पेशने हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, "नेत्रा, तू आमच्याकडे पॅकिंगला का येत नाहीस?"

पार्किंगमधलं काँक्रीट खरबरीत आहे, त्यामुळे टेप घसरली नाही. मी जमिनीजवळ फोन धरून शूटिंग घेतलं. माझ्या फोनमध्ये रिद्धीच्या वाढदिवसाचा एकही धड व्हिडिओ नाही, डावा घोटा मात्र सगळ्या बाजूंनी आहे. काळ्या बुटात घोटा इतका सुरक्षित होता की पाऊलच हलत नव्हतं. रिद्धी भाताच्या चिखलातून चालावं तशी चालली. पापडासारखा जोड तिला फार आवडला, म्हणून मी तो लगेच बाजूला ठेवला. निळ्यात ती बरी पळाली, वळली, थांबली.

"आता उडी मार."

"मारली ना."

"ती पायरी उतरल्यासारखी होती."

"मम्मी, तू खाली बसून घोट्याकडे बघत राहिलीस ना, तर माझा घोटा लाजतो."

मी उठून उभी राहिले. तरी मी घोट्याकडेच बघत होते आणि ते तिला दिसत होतं. तिने उडी मारली नाही.

निळा जोड ठरला. फाटलेली टेप काढून मी नवी लावली, ती रविवारी सकाळीच सोलायची असं ठरवून. मधल्या वेळात माझं मत बदलू शकतं, म्हणून. ते बदललं, आणि परत जागेवर आलं.

रविवारी सकाळी मी उजव्या बुटाची टेप सोलली आणि डावा हातात घेणार, तेवढ्यात सासूबाई दही-साखरेची वाटी घेऊन आल्या. रिद्धीच्या हातावर घातली. मग मला म्हणाल्या, "हात कर."

"मला कशाला, आई?"

"तुझीपन परीक्षाच हाय ना."

मी हात पुढे केला. दही खाल्लं, हात धुतला, आणि पुसून सरळ दोन्ही बूट पिशवीत भरले.

ट्रायल शिवमंदिराच्या बाजूला एका शाळेच्या हॉलमध्ये होती. हॉलची जमीन इतकी गुळगुळीत होती की तिच्यात वरच्या ट्यूबलाइट दिसत होत्या. मी भिंतीला लागून पालकांच्या बाकावर बसले. रिद्धी मैदानात गेली आणि मी सवयीने तिच्या पायांवर नजर ठेवली.

खेळ सुरू होऊन जरा वेळ झाला होता. रिद्धी बॉल घेऊन रिंगकडे धावली, डावा पाय टेकवला, आणि पाय पुढे निघून गेला. ती खाली बसली आणि बसल्या बसल्या रिंगखालून थेट आमच्या बाकाजवळ घसरत आली. तिचे दोन्ही तळपाय माझ्याकडे होते. उजवा सोल काळा होता. डावा चमकत होता.

"रिद्धी! टेप!" मी ओरडले.

सिलेक्टर मॅडमनी शिट्टी तोंडातून काढली. "काय टेप?"

"डाव्या सोलला टेप आहे. बूट जांगडवर आणलेत."

मॅडमनी राजरत्न सरांकडे बघितलं. सरांनी छताकडे बघितलं.

रिद्धीने पाय मांडीवर घेतला, टेपची कडा नखाने शोधली आणि ओढली. कडा मी फार चांगल्या दाबल्या होत्या. तो लांबलचक कर्र आवाज सगळ्या हॉलने शेवटपर्यंत ऐकला. कुणीतरी हसलं, मग सगळ्याच मुली हसल्या. रिद्धीला पण हसू आलं.

"घोटा?" मी विचारलं.

तिने तो फिरवून दाखवला. मग टेपचा बोळा करून माझ्याकडे फेकला. "मम्मी, पडले की मी," ती म्हणाली, गृहपाठ झाला असं सांगावं तसं.

मॅडमनी शिट्टी वाजवली. मी बोळा मुठीत धरून बसले आणि परत पायांकडे बघायला लागले. कुणाचा तरी शॉट हुकला, बॉल रिंगवर आपटल्याचा आवाज आला, रिंगखाली बुटांची गर्दी झाली. त्या गर्दीत निळे बूट होते. मग नव्हते. मी उजवीकडे शोधले, डावीकडे शोधले. मला वाटलं, ती बाहेर गेली. तेवढ्यात ते बूट वरून आले, दोन्ही एकदम, जमिनीवर टेकले आणि दुसऱ्या बाजूला पळत सुटले. बॉल त्यांच्याबरोबर होता.

"बघितलंत ना, ताई?" सर लांबूनच ओरडले.

"हो," मी म्हटलं.

संध्याकाळी सरांनी कळवलं, रिद्धी राखीव खेळाडूंत आहे. दोन जोड परत गेले, निळा राहिला. पण ते सगळं नंतरचं. तिथे हॉलमध्ये पुन्हा एक शॉट हुकला, आणि या वेळी मी मान वर केली. बॉल दुसऱ्याच एका उंच मुलीला मिळाला. पण तिच्या हाताशेजारी रिद्धीचा हात होता, रिद्धीचं तोंड उघडं होतं, आणि तिची वेणी तिच्या डोक्याच्याही वर गेली होती. खाली बूट कसे टेकले, ते मला दिसलं नाही.