गोळी सुटली तेव्हा टिसडेल कुठे होता

खोटं बोलत असेन तर माझी जीभ झडो! यातला शब्दन् शब्द खरा आहे.

दिग्दर्शक ग्रोव्हरने हातातले पटकथेचे निळे कागद आपटले आणि तो तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला. शूटिंगचा शेवटचा दिवस. आमच्या रहस्यपटातला खुनी डॉक्टर, म्हणजे आमचा देखणा हिरो, सकाळीच निरोप धाडून मोकळा झाला होता: मी खून करणार नाही, बायका माझ्यावर जीव टाकायच्या थांबतील.

"आता खुनी कोण?"

"आचारी," लेखक मॉर्टी डोळे न उघडता म्हणाला. आठवडाभर त्याला झोप नव्हती.

"आपल्या सिनेमात आचारी आहे का रे, गाढवा?"

गोळी सुटते तो दिवाणखान्याचा प्रसंग कधीच घेऊन झाला होता. त्यात विधवा दिसते, पुतण्या दिसतो, गुप्तहेर तर दिसतोच; म्हणजे खुनी म्हणून हे तिघेही बाद. पुन्हा घ्यावा म्हटलं, तर दिवाणखाना मोडून त्याच्या फळ्यांचं शेजारच्या सिनेमासाठी चाच्यांचं जहाज झालेलं. आमच्याकडे उरला होता एवढा जिना.

कोपऱ्यात ऑरिन टिसडेल बटलरच्या कपड्यांत, बादलीत पाय बुडवून बसला होता. तीस वर्षं बटलर, तीस वर्षं एकच वाक्य: जेवण वाढलंय, मॅडम. सकाळीच मला म्हणाला होता, "बाई, मरायच्या आधी एक तरी खून करायला मिळावा हो. थोरली बहीण दर सिनेमाला विचारते, तू नक्की कुठे होतास?"

"बाई, वही काढा," ग्रोव्हर ओरडला. कोण कुठे उभं, सिगारेट किती जळाली, हे टिपायचं काम माझं. "गोळी सुटली तेव्हा खोलीत कोण नव्हतं?"

मी बोटाला थुंकी लावून सावकाश पानं उलटली.

"टिसडेल. ट्रे घेऊन बाहेर गेला होता."

ग्रोव्हरने त्याच्याकडे पाहिलं. "हा? अहो, याला ट्रे पेलवत नाही."

"पिस्तूल ट्रेपेक्षा हलकं असतं, साहेब," टिसडेल म्हणाला आणि पाय पुसायला लागला.

मॉर्टीने निळ्या कागदामागे चार ओळी खरडल्या. टिसडेल जिना उतरला, एकेक पायरी, आणि म्हणाला, "तीस वर्षं या घरातली दारं मीच उघडली. माझ्यासाठी कुणी उघडलं नाही." दिवेवाल्याच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. ग्रोव्हर कट म्हणायचंच विसरला.

मग म्हणाला, "झालं. जेवून घ्या."

टिसडेल पुन्हा बादलीपाशी आला.

"बाई, वहीत खरंच तसं लिहिलंय?"

"पाय बुडवा," मी म्हटलं. "पाणी निवतंय."

शब्दन् शब्द खरा, म्हटलं ना? बरं, एक सोडून. टिसडेल बाहेर गेलाच नव्हता. गोळी सुटली तेव्हा तो तिथेच होता, खांबाला लागून, ट्रे धरून, त्या दिवशी सकाळपासून उभा. कॅमेरा त्याच्याकडे वळला नाही, एवढंच.