उलटी धरलेली कात्री

मी एक जुनी छाटणीची कात्री आहे. मित्रांनो, कात्री म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कागद नाहीतर कापड येईल, पण माझं काम झाडांशी. रोपवाटिकेतली माणसं मला सिकेटर म्हणतात. मला दोन पाती आहेत. एक धारदार, कापण्याचं काम त्याचं. दुसरं जाड आणि वाकडं, ते फांदी नुसती धरून ठेवतं. दोन्हींच्या मध्ये स्प्रिंग आहे, त्यामुळे प्रत्येक कापानंतर मी आपोआप तोंड उघडते. माझ्या मुठी एके काळी लालचुटुक होत्या. आता तो लाल रंग फक्त खाचांमध्ये उरला आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे मला भट्टीत तापवलं, घणाखाली चेपलं, तेलात बुडवलं आणि मग दगडावर इतका वेळ घासलं, की आपल्यातलं काही शिल्लक राहतं की नाही अशी मला काळजी वाटू लागली. शेवटी एका कारागिराने माझ्या पात्याने स्वतःच्या मनगटावरचे दोन केस उडवून पाहिले आणि शेजारच्याला सांगितलं, ही चांगली निघाली. ते माझं पहिलं कौतुक. अजून जपून ठेवलं आहे.

दुकानातून मला घरी आणलं ते टपाल कचेरीत काम करणाऱ्या एका बाईंनी. पुढे त्या घरात सून आली, म्हणून मी त्यांना सासूबाईच म्हणते. सासूबाईंनी तीस वर्षं पत्रांची वर्गवारी केली होती. बागेतही त्यांचं तसंच. बियांच्या पुड्या खणाखणांच्या लाकडी पेटीत, प्रत्येक खणावर चिठ्ठी, आणि चुकीच्या खणात पुडी दिसली की घरातल्या प्रत्येकाची चौकशी.

बाग काही मोठी नव्हती. घराच्या मागे तीन वाफे, एक नळ, अवजारांची पत्र्याची खोली आणि मागच्या फाटकावर कमानीसारखा चढलेला वेलगुलाब. पण थंडी सरली आणि ऊन जरा उबदार झालं, की त्या एवढ्याशा जागेत कामांची नुसती झुंबड उडे. वाळका पाचोळा गोळा करायचा, वाफ्यांची माती भुसभुशीत करायची, त्यात कुजलेलं खत मिसळायचं. शेवंतीचे दाटलेले गड्डे फोडून वेगवेगळे लावायचे. टोमॅटोचं बी ट्रेमध्ये पेरायचं. आणि सगळ्यात आधी छाटणी. तेव्हा माझा रुबाब बघायला हवा होता. सासूबाई मला घेऊन गुलाबापुढे उभ्या राहत, फांदीवरचा बाहेरच्या बाजूला बघणारा डोळा, म्हणजे नवी फूट निघते ती जागा, शोधत, आणि त्याच्या जरासं वर तिरका काप घेत. एकच. करकचून नाही, चावून नाही. संध्याकाळी मला कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा थेंब देत आणि खिळ्याला टांगत. असे एकोणीस वसंत गेले. तेवढ्या काळात दुसऱ्या कुणाचा हात मला लागला नाही.

मग मागच्या वर्षीचा हिवाळा आला. एका सकाळी मागच्या दाराच्या ओल्या पायरीवरून सासूबाई घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. त्यांच्या मांडीत लोखंडी सळी बसवली असं माझ्या कानावर आलं, तेव्हा मला वाटलं, चला, आता आपण एकमेकींच्या नात्यात आलो. पण हसण्यासारखं पुढे काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हाड नीट जुळलंय, आता चालायला हवं, नाही चाललात तर अंथरूण कायमचं धराल. सासूबाई चालेनात. आज पाय जड आहे, आज झोप झाली नाही, आज वारं आहे. बेकरीत काम करणारा त्यांचा मुलगा विनवण्या करून थकला, मग रागावला, मग रुसला. नवाकोरा वॉकर पलंगाशेजारी उभा होता, त्याच्यावर घरातले टॉवेल वाळत.

मी खिळ्याला तशीच. माझ्या स्प्रिंगवर गंज चढला, मुठीत कोळ्याने जाळं विणलं. खरं सांगते, मला वाटलं, आपलं झालं.

सूनबाई घरातल्या पुढच्या खोलीत शिवणकाम करत. सासूसुनेचं भांडण कधी नव्हतं, पण बोलणंही बेताचंच. दूध आलं का, गोळी घेतली का, एवढ्यावर दिवस जायचा. बागेत तर सूनबाई पाऊलसुद्धा ठेवत नसत. त्यामुळे वसंताच्या सुरुवातीला एका सकाळी त्यांनी मला खिळ्यावरून काढलं तेव्हा मी चकित झाले. त्यांनी पॉलिश पेपरने माझा गंज घासला, शिवणयंत्राचं तेल दिलं आणि पत्र्याच्या खोलीमागे जाऊन एका वाळक्या काटकीवर मला चालवून पाहिलं. काप तिरका, स्वच्छ, एका दमात. कमाल आहे, म्हटलं, हिचा हात तर तयार आहे.

मग त्या खोलीमागून बाहेर आल्या, सासूबाईंच्या खिडकीसमोर उभ्या राहिल्या आणि मला चक्क उलटी धरली. जाड पातं वर, धारदार खाली. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून रोज काहीतरी उलटंच. भर दुपारी रोपांना पाणी. टोमॅटोचं बी विहीर खणल्यासारखं खोल. चांगला हिरवागार पुदिना तण म्हणून उपटला, तो तर खिडकीच्या अगदी समोर. कुणी पाहत नसताना सूनबाई सगळं निस्तरत हे मीच एकटी जाणत होते. खोल पेरलेलं बी त्या परत वर घेत. उपटलेला पुदिना पत्र्याच्या खोलीमागे कुंडीत लावून ठेवत.

खिडकी पहिल्या दिवशी चार बोटं उघडली. तिसऱ्या दिवशी सगळी. आधी आतून नुसते सुस्कारे यायचे, मग सूचना यायला लागल्या, मग त्या सूचना गल्लीपर्यंत ऐकू जाऊ लागल्या. सासूबाई उशीला टेकून बसू लागल्या, मग टेकण्याशिवाय, मग पाय खाली सोडून. मुलगा म्हणाला, तू बघूच नकोस ना तिकडे. तर त्यालाच ऐकावं लागलं, की डोळ्यांदेखत बागेचा सत्यानाश होतोय आणि म्हणे बघू नकोस. पण पलंगावरून त्या काही उठल्या नाहीत. दोन आठवडे असे गेले.

एके सकाळी सूनबाईंनी मागच्या पायरीवर गोणपाट अंथरलं, चारी कोपऱ्यांना खिळे ठोकले आणि मला घेऊन वेलगुलाबापाशी गेल्या.

"आई, ही मधली जाड फांदी फार मधे मधे येतेय. काढून टाकते."

सगळी कमान त्याच फांदीवर उभी होती. खिडकीतून हुकूम आला, तिला हात लावायचा नाही, डावीकडची वाळकी काढ. सूनबाईंनी डावीकडे हात नेला. तर ती नव्हे, माझ्या डावीकडची, असं झालं.

"मला इथून तुमचं डावं कळत नाही," सूनबाई म्हणाल्या. "यायचं तर या. नाहीतर मी कापते."

आणि त्यांनी मला त्या जाड फांदीला लावलं. मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. माझं तोंड उघडं, मधे जिवंत, रसाने भरलेली फांदी, आणि मुठीवरच्या बोटांना जोर म्हणून नाही. ती बोटं थरथरत होती. सूनबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. आता कापलं तर कमान गेली, आणि न कापता हात खाली घेतला तर दोन आठवड्यांचं सोंग उघडं पडलं.

आत टॉवेल ओढल्याचा आवाज आला. मग ठक. बराच वेळ काही नाही. पुन्हा ठक. मी मोजत होते. दारापर्यंत चौदा ठक झाले आणि पायरीपाशी सगळं थांबलं. मग गोणपाटावर वॉकरचा दबका आवाज झाला, एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा.

एक ओळखीचा हात पुढे आला. त्याने मला सूनबाईंच्या हातून काढून घेतलं आणि सुलटी केली.

"अशी धरतात," सासूबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. एका हाताने वॉकर धरून त्यांनी वाळकी फांदी कापली. काप जरा वेडावाकडा आला, पण माझी त्याबद्दल काहीच तक्रार नव्हती.

त्या संध्याकाळी दोघी पायरीवर चहा घेऊन बसल्या, मी दोघींच्या मधे. सासूबाई म्हणाल्या, "शिवणारी बाई कात्री उलटी धरते होय? पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग आला का नाहीत इतके दिवस?"

"भीती वाटत होती." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आज तुझा हात थरथरताना दिसला. म्हटलं, आता ही खरंच कापून बसेल."

सूनबाई हसता हसता रडल्या की रडता रडता हसल्या, मला नीट सांगता येणार नाही. चहा मात्र माझ्यावर सांडला, आणि दोघींनी मिळून मला पुसलं.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले. धार लावून लावून माझं पातं अर्धं झालं आहे. तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल तर तिला ओली ठेवू नका, तेलाचा थेंब द्या. आणि मुख्य म्हणजे तिच्याकडून काम घ्या. मला कामाने कधी गंज चढला नाही. खिळ्यावर टांगलेली राहिले, तेव्हाच चढला.

या वसंतात सासूबाई काठीच्या आधाराने सगळ्या वाफ्यांतून फिरतात. परवा त्यांनी वेलगुलाबाची छाटणी पूर्णपणे सूनबाईंवर सोपवली आणि स्वतः खुर्ची टाकून बसल्या. न बोलता बसायचं असं ठरवून. त्यांना ते किती जड जात होतं ते काठीच्या टकटकीवरून कळत होतं. सूनबाईंनी मला सुलटी धरली, डोळा पाहिला, तिरका काप घेतला आणि जागच्या जागी थिजल्या. या वेळी मनापासून छाटताना कळ्या धरलेली फांदी गेली होती.

टकटक थांबली. मी डोळे मिटले, म्हणजे पाती मिटली.

सासूबाई उठल्या, खाली पडलेली फांदी उचलून त्यांनी निरखून पाहिली. "ही मात्र खरी चूक," त्या खुशीत म्हणाल्या. "आता तुला शिकवायला मजा येईल. जा, एक कुंडी आण. ही फांदी लावून बघू, जगते का."