उठताना हाक मारा

मी चहाच्या टपरीपुढचा बाक बोलतोय. बसायचं तर मधी बसा. टोकाला बसलात आन् पलीकडचा न सांगता उठला, तर आपटाल. मग माझ्या नावानं बोंबलू नका.

माझी फळी पेठच्या डोंगरातल्या सागाची. पाय मात्र सातपूरच्या कारखान्यात मशिनी येतात त्या खोक्यांच्या लाकडाचे. झिपरू नावाच्या गड्यानं मला ठोकलं. पेठचाच तो, कारखान्यात माल उतरवायचा. बायको मंगलाबाईनं सातपुरात टपरी टाकली, म्हणून एका सुट्टीत घाईघाईनं मला बनवलं. सुतार थोडाच होता तो! पाय टोकाला लावायचे, तर ह्या बाबानं पार मधी ठोकले. पहिल्याच दिवशी एक गिऱ्हाईक उठलं आन् दुसरं धाडदिशी खाली. मंगलाबाई हसून हसून बेजार. झिपरू म्हणाला, "उद्या सुधारतो." तो उद्या काय आला नाय. झिपरूच देवाघरी गेला.

मग गल्लीनंच रीत पाडली. उठायच्या आधी हाक मारायची, "उठतो रे!" मग दुसऱ्यानं मधी सरकायचं.

माझ्या डाव्या टोकाला रंगनाथ, उजव्याला किशोर. शिफ्ट सुटली की दोघं इथंच. रंगनाथ एका पक्षाचा, किशोर दुसऱ्याचा. काय भांडायचे! चहा निवायचा पण तोंड मिटायचं नाय. पक्ष फुटले, जुळले, चिन्हं बदलली, ह्यांची टोकं बदलली नाय. एकदा दोघांच्या पक्षांनी वरच्या वर युती केली. आठवडाभर दोघं सुतकात बसल्यासारखे. युती तुटली तेव्हा किशोरनं आख्ख्या टपरीला चहा पाजला.

एवढी राजकारणाची खाज, पण मत द्यायला कोण जायचं? कोणी नाय! गल्लीत काटाकाटी चालायची. मतदानाच्या दिवशी रंगनाथ विचारायचा, "किशोर, तू जाणार का?"

"तू गेलास तर जाईन."

"तुझं मत माझ्या मताला कापतंय. मग रांगेत कशाला मरायचं? पत्ते काढ."

झालं! घरोघरी अशा जोड्या. ह्यानं त्याच्याशी काटायचं, कारखान्याची सुट्टी खिशात घालायची आन् पेठला गावी पळायचं; गल्ली बहुतेक पेठचीच. मला असा संताप यायचा! पण मी पडलो लाकूड.

माझ्या उजव्या टोकाला लागून उघडं गटार होतं. मागच्या पावसाळ्यात म्हातारी तानुबाई त्यात पडली. खुबा मोडला. तिचं घर गटाराच्या पल्याड. जरा बरं वाटलं तशी दारात बसून हाक मारायची, "मंगले, मला बाकावर नेऊन बसव गं. भिंती बघून येड लागलंय." पण पुन्हा पडली तर? मंगलाबाईची छाती होईना.

महापालिकेची निवडणूक लागली. सनी नावाचा कार्यकर्ता गाडीला झेंडा लावून आला. मंगलाबाई आडवी गेली. "अरे, ह्या गटारावर फरशी कधी टाकता?"

सनीनं गाडी बंदसुद्धा केली नाय. "मावशी, खरं सांगू? तुमच्या गल्लीतनं मतंच पडत नाय. पक्षाचे भाऊ म्हणतात, तिथं कशाला पेट्रोल जाळतो?"

मतदानाच्या दिवशी सकाळीच मंगलाबाई बोटाला शाई लावून आली. हे दोघं टोकांवर, मधी पत्ते.

"मावशी, दोन कटिंग."

"चहा नाय. शाई दाखवा, मग चहा."

"आमचं काटलंय," किशोर हसला. "त्याचं एक, माझं एक. शून्य!"

"शून्य तुमच्या पक्षाचं, मेल्यांनो! गल्लीची दोन मोजली जातात ना? त्यांना वाटतं हितं माणसंच राहत नाय! तानुबाई पडली तेव्हा तुम्ही दोघांनीच उचलली. तेव्हा इचारलं का, म्हातारी कोणाच्या पक्षाची?"

रंगनाथाचं डोकं फिरलं. "आता बाया आम्हाला राजकारण शिकवणार!" म्हणत ताडकन उठला. हाक न मारता.

मी काय करणार? डावं टोक वर, उजवं खाली. पत्ते उडाले आन् किशोर थेट गटारात. एक पाय गुडघ्यापर्यंत काळाकुट्ट.

"मुडद्या, हाक कोण मारणार, तुझा बाप?"

रंगनाथानं हात देऊन त्याला वर ओढलं. पल्याड दारात तानुबाई कळवळून विचारत होती, "लागलं का रे लेकरा?" रंगनाथानं गटाराकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "किशोर, मी उठतो रे."

"उठलायस की! आता कुठं?"

"शाळेत. मत द्यायला. तुला आधी सांगतोय. तू बी चल."

"पाय तर धुऊ दे!"

"ऱ्हाऊ दे. बघू दे सगळ्यांना."

निघाले तसेच. शाळेत रांगेनं नाक दाबून त्यांना आधी जाऊ दिलं म्हणे. इकडं गल्लीत बोंब उठली. "रंगनाथ गेला? काटाकाटी मोडली! आपली मतं कमी पडतील, चला!" दुसऱ्या बाजूला, "किशोर गेला? चपला आण गं माझ्या!" पेठच्या जीपमधी बसलेलेसुद्धा पिशव्या घेऊन खाली उतरले. त्या दिवशी मंगलाबाईचं दूध दोनदा संपलं.

कोण निवडून आलं ते सांगणार नाय. मला माझी दोन्ही टोकं सारखी. पण पुढच्या आठवड्यात सनी आला आन् गाडी बंद करून बसला. पडलेला उमेदवार बी हात जोडून गेला. होळीच्या आत गटारावर फरशी पडली.

नगरसेविका म्हणाल्या, "मावशी, माझ्या नावाचा स्टीलचा बाक देते." मंगलाबाई म्हणाली, "ताई, तो बागेत ठेवा. हितं झिपरूचाच ऱ्हाईल." किशोर म्हणाला, "निदान पाय तरी टोकाला घे." तिनं त्याला बी दटावलं.

आता तानुबाई काठी टेकत रोज येते. फरशीवर एकदा काठी आपटून बघते आन् माझ्या मधोमध बसते. डाव्या-उजव्या टोकाला भांडण चालूच. तिला ऐकू कमी येतं, तरी मान दोघांकडं डोलावते.

माझी फळी चिरत चाललीय. किती टिकेन ठाऊक नाय. पण ह्या गल्लीचे लय उपकार हायेत माझ्यावर. तिनं माझं व्यंग पोटात घातलं. आन् झिपरू, तुझा तो उद्या आला नाय, बरं झालं रे बाबा.

बसा, चहा घ्या, पोटभर भांडा. पण मतदानाच्या दिवशी उठाल तेव्हा पलीकडच्या टोकाला हाक मारा. त्याला बी उठवा.