शेवाळाची पेटी

शेवाळ म्हटलं की माझं डोकं फिरायचं. लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हापासून हौद घासतेय, आणि आमचे हे चक्क शेवाळ पाळायचे!

पडवीत काचेच्या दोन पेट्या होत्या. वरच्या पेटीत खारं पाणी आणि पांढऱ्या पट्ट्यांचा एक नारिंगी मासा. खालच्या पेटीत नुसती शेवाळाची वेल, तिच्यावर ट्यूबलाइट. दोन्हींतलं पाणी एक छोटी मोटर सारखी फिरवत ठेवायची. दर रविवारी हे कात्री घेऊन बसायचे आणि मूठभर वेल कापून फेकायचे. झाली का दाढी, असं मी चिडवायची. हे आपले कापत राहायचे.

मासा मात्र माझा जीव होता. तो आमच्या भिकननं आणलेला. दोन लेकरं गेल्यावर पदर पसरून मागितलेलं पोर ते, म्हणून नाव भिकन. मुंबईत शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला होता. सुट्टीत आला तो समुद्राच्या पाण्याचे डबे घेऊनच. पेट्या त्यानंच मांडल्या. दिवसभर बापाला काहीबाही समजावत होता आणि मी मेली चुलीपुढे मांडे भाजत बसले होते. पुढच्याच महिन्यात त्याला ट्रकनं उडवलं.

त्यानंतर घरात त्याचं नाव निघेना. मी काढलं की हे उठून बाहेर जायचे, मग मीही सोडलं. माशाला दाणे टाकताना तेवढं मनातल्या मनात विचारायची, जेवलास का रे बाबा.

एक्क्याण्णवची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. भिकनच्या नावानं पहिली घागर भरायची होती. गेलेलं माणूस त्या दिवशी घरी पाणी प्यायला येतं, असं आम्ही मानतो. माझं पोर येणार आणि घरात ही बुळबुळीत घाण? हे बहिणीला आणायला दोंडाईच्याला गेले तशी मी पदर खोचला. खालची पेटी वाळूसकट उपसली, सगळं उकिरड्यावर फेकलं, काच राखेनं घासून लख्ख केली. वरचंच थोडं पाणी तिच्यात सोडलं आणि मोटर पुन्हा चालू केली.

तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं, वास यायला लागला. चौथ्या दिवशी, ऐन आखाजीच्या सकाळी, मासा आडवा तरंगत होता.

हे नणंदेला घेऊन आले ते नेमके तेव्हाच. आधी माशाकडे पाहिलं, मग खालच्या पेटीकडे. मला वाटलं आता अंगावर येतील. पण हे पेटीपुढे खाली बसले.

"ती वेल भिकननी लायेल शे," हे म्हणाले. "माशानी बठ्ठी घाण ती खास. तिना जीववर मासा जगे. मी तुले सांगंच नही." म्हणजे माशाची सगळी घाण ती वेल खात होती, आणि मी तीच उपटून फेकली होती.

"का नही सांगं?"

"मना तोंडमा त्यानं नावच ये नही."

मी तशीच अनवाणी उकिरड्यावर पळाले. चार दिवसांच्या उन्हात वेल वाळून पापडासारखी झाली होती. उचलायला गेले तर बोटांत चुरा झाला. तो चुरा पदरात बांधून आणला आणि पेटीतल्या पाण्यात सोडला. नणंद म्हणत राहिली, वहिनी, आता काय उपयोग. मला का ते कळत नव्हतं?

दुपारी घागर भरली. वर डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, ठेवलं, गोड सांजोरी ठेवली. हात जोडले आणि वर्षभरात पहिल्यांदा आम्ही दोघांनी मोठ्यानं त्याचं नाव घेतलं. शेजारी लख्ख घासलेली पेटी तशीच होती. पोराला मी काय तोंड दाखवणार होते?