आत कोणी आहे का?

टपालाच्या त्या केंद्रात तिला सगळे वहिनीच म्हणत. खरं तर ती एकट्या चिमीची वहिनी. पण चिमी तिथे आधीपासून कामाला होती, तिनंच भावजयीला नोकरीला चिकटवलं होतं, आणि पहिल्याच दिवशी फलाटाच्या या टोकाहून त्या टोकाला, "वहिनी, हातमोजे घाल गं!" असं ओरडून तिचं नाव पाडून टाकलं होतं. तेव्हापासून मुकादम वहिनी म्हणे, ड्रायव्हर वहिनी म्हणत, आणि तिच्या सासऱ्यांच्या वयाचा फाटकावरचा पहारेकरीसुद्धा "वहिनी, पास दाखवा," म्हणे.

काम अंगमेहनतीचं होतं. गाडी मागे मागे येऊन फलाटाला लागली की पार्सलांनी भरलेल्या जाळीच्या ट्रॉल्या आत ढकलायच्या. माणसापेक्षा उंच, चार चाकांवरची धुडं ती. त्या ओळीनं लावायच्या आणि प्रत्येक ओळीला आडवा पट्टा घालून त्याचे आकडे गाडीच्या भिंतीतल्या भोकांत अडकवायचे. पट्टा राहिला तर वळणावर ट्रॉल्या मोकाट सुटतात. चिमीचं काम दाराशी. गाडी भरली की तिनं आत डोकावायचं, मोठ्यानं "आत कोणी आहे का?" असं विचारायचं, उत्तर आलं नाही की दार ओढून दांडा फिरवायचा. नियमच होता तसा, आणि चिमीचा आवाज असा खणखणीत की शेजारच्या गाडीतली माणसंसुद्धा "नाही, नाही!" म्हणून ओरडत.

पण त्या आठवड्यात दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

चिमी सहा-सात महिन्यांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून भावाकडे आली होती. दोन खोल्यांच्या घरात तिची गादी पडायची ती स्वयंपाकघरात, ओट्याखाली. वहिनीला पहाटे चहा टाकायचा तर नणंदेला ओलांडून जावं लागे. एका सकाळी कुणाचा टॉवेल कुणी ओला केला यावरून शब्दाला शब्द वाढला आणि वहिनीच्या तोंडून निघून गेलं, "आणखी किती दिवस असं चालायचं, ते तरी सांग!"

चिमीचा चेहरा पांढराफटक पडला. ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून दोघींचं सगळं बोलणं सासूमार्फत चाले. "आई, तिला सांगा, भाजी खाली उतरवलीय." "आई, तिला सांगा, मला भूक नाही." दोघी दोन बाजूंना बसलेल्या, आणि म्हातारी मध्ये निरोप्यासारखी मान वळवत. बसमध्येही दोघी वेगवेगळ्या खिडक्यांशी बसत.

त्या दिवशी सकाळी लांब पल्ल्याची गाडी लागली होती. निम्मीच भरली होती, पण तिची निघायची वेळ ठरलेली. शेवटची ओळ लावून वहिनीनं पट्टा ओढला, तेवढ्यात ट्रॉल्यांच्या पलीकडे काहीतरी धप्पकन पडलं. एखादं पार्सल वरून घरंगळलं असणार. ते तसंच राहिलं तर चाकाखाली येऊन चेपणार. तिनं पट्ट्याचे आकडे काढले, एक ट्रॉली जरा सरकवली आणि अंग चोरून फटीतून पार पुढच्या भिंतीपाशी गेली. पार्सल उचललं, आपल्या जागी कोंबलं.

तेव्हाच हाक आली.

"आत कोणी आहे का?"

तो आवाज ऐकून वहिनीच्या कपाळाची शीर तडकली. काम संपलं की बाहेर टांगायचं ते जाकीट अजून माझ्या अंगात आहे, मी आत शिरताना हिनं पाहिलंय, आणि विचारते कशी, परक्या माणसाला विचारावं तशी! डोळे आहेत ना, ये म्हणावं आत आणि बघ. ती गप्प राहिली.

एवढ्यात उजेड गेला.

दार आपटल्याचा दणका छातीत बसला आणि दांडा फिरल्याचा खडखडाट झाला. वहिनी क्षणभर तशीच उभी राहिली. मग, "अगं ए! मी आहे ना आत!" म्हणून ओरडली. पण इंजिन सुरू झालं होतं. पायाखालचा पत्रा थरथरायला लागला. तिनं फटीतून परत शिरायची घाई केली आणि खांदा जाळीत अडकला. तो सोडवून ती दाराशी पोचेपर्यंत गाडीनं फाटक ओलांडलंसुद्धा होतं. फाटकापुढचा उंचवटा तिच्या पायांना कळला.

तिनं दोन्ही मुठींनी दार बडवलं, लाथा घातल्या. जाड दार, आतून अस्तर लावलेलं, सगळा आवाज गिळून टाकणारं. फोन कपाटात होता, कामावर फोन न्यायला बंदी. अंधार इतका की डोळे मिटले काय, उघडे ठेवले काय, सारखंच. फक्त खाली, दाराच्या दोन फळ्या जुळतात तिथे, रबराच्या पट्टीआडून केसाएवढी उजेडाची रेघ दिसत होती.

गाडी हमरस्त्याला लागली. वहिनीला आठवलं, ही गाडी संध्याकाळपर्यंत कुठे उघडत नाही. नाका-तोंडात पुठ्ठ्याचा आणि रबराचा वास भरला आणि एकाएकी तिला वाटायला लागलं, हवा कमी पडतेय. ती मटकन खाली बसली. 'हवा आहे, भरपूर आहे,' असं ती स्वतःला बजावत होती, आणि छाती ऐकत नव्हती.

मग गाडी चढाला लागली.

आधी एक बारीक कुरकूर ऐकू आली. चाकं. तिनं काढलेला पट्टा तसाच लोंबत राहिला होता! ती जेमतेम उठून उभी राहिली, तोच पहिली ट्रॉली अंधारातून आली आणि तिच्या मांडीवर धडकली. तिच्या मागून दुसरी. वहिनीची पाठ दाराला टेकली, समोर जाळी, आणि जाळीवर अख्ख्या ओळीचा भार. चढ संपेना. जाळीची तार गालात रुतली. तिनं ओरडायला तोंड उघडलं तर ओरडण्यापुरता श्वासच आत जाईना. 'मेले मी,' तिच्या मनात आलं, 'आणि संध्याकाळी कुणी परका माणूस दार उघडेल तेव्हा मी त्याच्या अंगावर पडेन.'

चढ संपला. भार सैल झाला, ट्रॉल्या रेंगाळत पुढे निघून गेल्या, तिकडे भिंतीवर आदळल्या.

एवढं वहिनीला कळलं की दारापाशी नुसतं बसून राहिलं तर पुढच्या चढाला तिचा चोथा होणार. आधी पट्टा. ती अंधारात दोन्ही हात पुढे करून निघाली. पट्टा पायाला लागला. त्याचं टोक हातात आलं. एका बाजूचं भोक बोटांनी चाचपून तिनं आकडा अडकवला, पट्टा ट्रॉल्यांवरून ओढत पलीकडे नेला. त्या बाजूच्या भिंतीवर भोकच सापडेना. हाताखाली नुसता गुळगुळीत पत्रा. गाडी पुन्हा जड आवाज काढायला लागली आणि ट्रॉल्या हलल्या. "थांबा गं, थांबा," ती त्या निर्जीव ट्रॉल्यांना म्हणाली, अगदी रडवेल्या सुरात. बोट भोकात गेलं. तिनं आकडा खुपसला, तेवढ्यात भार आला आणि पट्टा ताठ झाला. करकरला. पण तुटला नाही. बोटाचं नख मात्र मुळापासून उचकटलं, ते तिला नंतर रक्त चिकट लागलं तेव्हा कळलं.

आता डोकं जरा चालायला लागलं. गळ्यात दोऱ्या कापायचा, आकड्यासारखा वाकडा चाकू होता. ती दाराशी पालथी पडली आणि उजेडाच्या त्या रेघेवर चाकू चालवायला लागली. रबर जाड, चाकू बोथट. ती कापत होती आणि मनात एकच गोष्ट घुमत होती. चिमीनं पाहिलं होतं. मला आत शिरताना तिनं पाहिलं होतं. मग दार का लावलं? तिच्या अंगावर सरसरून काटा आला. ज्या बाईला ती रोज पहाटे ओलांडून जायची, जिच्यासाठी चहा टाकायची, ती बाई असं करेल? तिला अंधारापेक्षा या विचाराची जास्त भीती वाटली.

रबराचा तुकडा निघाला. दोन बोटं जातील एवढी फट झाली आणि रस्ता दिसला, मागे पळणारा. वहिनीनं नारिंगी जाकीट काढलं, फाडलं, त्याची लांब पट्टी फटीतून बाहेर ढकलली. पण नुसतं लोंबणारं फडकं कोण बघतंय? तिनं ती आत ओढली, बाहेर सोडली, पुन्हा आत ओढली. आत, बाहेर, आत, बाहेर. हात भरून आले. एक गाडी पुढे निघून गेली, दुसरी गेली. ती रडत होती आणि पट्टी ओढत होती.

मग हॉर्न वाजला. थांबून थांबून, परत परत. गाडी हळू झाली, कडेला लागली. बाहेर माणसं बोलली. दांडा फिरला, आणि इतका उजेड आत आला की वहिनीनं हातांनी डोळे झाकले.

"अरे देवा," ड्रायव्हर म्हणाला. त्याचा हात दांड्यावरच राहिला. "वहिनी?"

त्याच्या मागे मोटारसायकलवरचं एक जोडपं उभं होतं. मागे बसलेल्या बाईनं ते फडकं पाहिलं होतं. "मी यांना म्हटलं, वाऱ्यानं हलतंय ते असं आत-बाहेर होत नाही," ती सांगत होती. "हे म्हणतात, तुझं आपलं काहीतरीच!" तिनं वहिनीला हाताला धरून उतरवलं आणि रस्त्याच्या कडेला बसवून पाणी पाजलं. वहिनीला तिचा हात सोडवेना.

मुकादमानं स्वतः गाडी पाठवून तिला परत आणलं. बोटाला पट्टी झाली. ऑफिसात मोठे साहेब बसले होते, आणि कोपऱ्यात चिमी उभी होती, ओढणीचं टोक मुठीत आवळून.

"एवढंच सांगा," साहेब म्हणाले. "दार लावण्याआधी हिनं विचारलं होतं की नाही? विचारलं नसेल तर हिला आजच घरी पाठवतो."

वहिनीनं चिमीकडे पाहिलं. एक शब्द पुरेसा होता. मांडी ठणकत होती, गालावर जाळीचे वळ होते, आणि 'नाही' हा शब्द अगदी जिभेवर आला होता.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "मी ऐकलं. मी ओ दिली नाही."

"का?"

"आमचं भांडण झालं होतं, साहेब."

साहेबांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमानं छताकडे पाहिलं.

दोघींना लवकर सोडलं. बसथांब्यावर दुसरं कोणी नव्हतं. बराच वेळ चिमी बुटाच्या टोकानं फरशी घासत राहिली.

"वहिनी, मला माहीत होतं तू आत आहेस."

वहिनीनं मान वळवली नाही.

"तू ओ देईनास. मला वाटलं, बस मग जरा कोंडून. दोन मिनिटांनी उघडीन. दांडा फिरवला, आणि मुकादमानं पलीकडे बोलावलं. परत आले तर गाडी नव्हती. ड्रायव्हरनं स्वतःच दांड्याला सील लावलं आणि निघाला."

"मग सांगितलंस ना कुणाला?"

"सांगितलं. मुकादम फोन लावायलाच निघाला होता, तेवढ्यात ड्रायव्हरचाच आला."

"लगेच सांगितलंस?"

"नाही." चिमी रडायला लागली. "तोंडच उघडेना. नोकरी जाईल, दादा घराबाहेर काढेल, मग मी कुठे जाऊ? चहा आला, तो प्यायले मी. कप हातात थडथड वाजत होता तरी प्यायले. मग वाटलं, आता तर इतका वेळ झाला, आता कसं सांगू..."

वहिनी थिजून बसली. ती जाळीवर चेपली जात होती तेव्हा ही चहा पीत होती. तिला उठून लांब जावंसं वाटलं, पण पाय हलेनात. आणि मग मनात आलं ते त्याहून वाईट होतं. उलटं झालं असतं तर? चिमी आत असती आणि दांडा माझ्या हातात असता, तर मी लगेच सांगितलं असतं?

बस आली. दोघी एकाच बाकावर बसल्या.

घरी सासूनं विचारलं, "आज लवकर कशा? आणि हे तोंडाला काय लागलं?"

"ट्रॉली लागली," दोघी एकदमच म्हणाल्या.

वहिनी अंघोळीला गेली. लोखंडी दार, आतून कडी. तिनं दार ओढलं, उजेड बारीक होत गेला आणि श्वास पुन्हा तसाच कोंडला. तिनं दार ढकलून उघडलं आणि चौकटीला धरून उभी राहिली. कपाळाला घाम फुटला होता.

चिमीनं ते पाहिलं. तिनं स्वयंपाकघरातला पाट उचलला, दारासमोर ठेवला आणि आत पाठ करून त्यावर बसली.

"राहू दे उघडं," ती म्हणाली. "कुणाला येऊ देत नाही मी."

वहिनीनं अंगावर पाणी घेतलं. गरम होतं, तरी ती कुडकुडत होती. मधूनमधून साबण हातातच धरून ती उघड्या दारातून बाहेर बघे, नणंदेच्या पाठीकडे. पाठ हलत नव्हती. तिच्याकडे पाठ करून बसलेल्या त्या बाईची तिला भीती वाटत होती, आणि ती तिथून उठून जाईल याचीही.