आमच्यात गोल हितंच संपतंय

मी वीरगळ बोलतोय. आवाज घोगरा वाटला तर समजून घ्या. आयुष्याचा मोठा भाग मी तोंड चिखलात घालून काढलाय.

माझा जन्म दुधनीच्या अलीकडच्या एका गावात झाला, सातआठशे वर्षांपूर्वी. गावची गुरं पळवायला चोर आले, तेव्हा एका गड्याने त्यांना वेशीत अडवलं आणि तिथेच जीव दिला. त्याची आठवण राहावी म्हणून पाथरवटाने मला घडवलं. खाली लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर महादेवाची पिंड आणि अगदी टोकाला चंद्र-सूर्य. म्हणजे ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहणार. पाथरवट हौशी होता. त्याने तलवारीपेक्षा मिशांवर जास्त मेहनत घेतली.

कीर्ती फार तर चार पिढ्या टिकली असेल. मग मी कललो, मग पडलो, तोही पालथा. मिशांसकट सगळं मातीत गेलं. पाठ मात्र सपाट आणि ऐसपैस. ती कुणाच्या तरी नजरेत भरली आणि मी त्याच्या अंगणात धुण्याचा दगड झालो.

नागव्वा लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासून तिचं धुणं माझ्याच पाठीवर. ती आपटायची आणि बोलायची. सासूचा राग माझ्यावर, नवऱ्याचा राग माझ्यावर, महागलेल्या साबणाचा रागही माझ्यावरच. पुढे सासू आणि नवरा दोघं गेली. मुलगा चिंचोळी एमआयडीसीत लागला आणि सोलापुरातच राहिला. तो निघाला त्या दिवशी तिने धुणं बाजूला ठेवलं आणि नुसतीच माझ्यावर बसून राहिली. मला फार वाईट वाटलं होतं.

मग देवयानी आली. ही सोलापूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते आणि सुट्टीत जुनी गावं हिंडते. आमच्या गावाभोवती गोल फेरी आखायची, असं तिने ठरवलं होतं. वेशीतून निघायचं, बुरूज, बारव, ज्वारीची शेतं, महादेवाचं देऊळ असं बघत गावाला वळसा घालून पुन्हा वेशीत. पाहणी करताना ती दमून माझ्यावर टेकली, तिची बोटं माझ्या कडेखाली गेली आणि नेमकी मिशीला लागली.

पहारी आल्या. मला उताणं केलं, धुतलं. नागव्वाने दोन्ही हात तोंडावर घेतले.

"अगं बाई! ह्याच्या पाठीवर मी आमच्या मालकाच्या चड्ड्या आपटल्या की!"

मला देवळापाशी उभं करायचं ठरलं. नागव्वाचं अंगण आणि देऊळ यांच्यामधे फक्त एक दगडी पन्हळ आहे. पिंडीवरच्या अभिषेकाचं पाणी तिच्यातून शेताकडे जातं. इतकी अरुंद, की कोंबडीसुद्धा न उडता पलीकडे जाते. पण गावकऱ्यांनी मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं आणि हलगी वाजवत अख्ख्या गावाला वळसा घालून पलीकडे नेलं. देवयानीला वाटलं, मिरवणूक आहे. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं.

माझ्याशेजारी तिने बाणाची पत्र्याची पाटी लावली. बाण पन्हळीच्या पलीकडे, नागव्वाच्या घराकडे. फेरीतलं ते शेवटचं घर, म्हणून जेवण तिथे ठेवलं. नागव्वा हरखून गेली. मुलगा सोलापूरला गेल्यापासून तिने एकटीपुरतीच चूल पेटवली होती. पहिल्या फेरीच्या रविवारी मात्र पहाटेपासून भाकऱ्या थापल्या, शेंगांची चटणी कुटली, गव्हाची गोड हुग्गी शिजवली आणि दारात पाट मांडून वाट बघत बसली.

टोप्या घातलेली, पाण्याच्या बाटल्या लटकवलेली सोलापूरकर मंडळी आली. पुढे वाट दाखवायला देवळाचे पुजारी गुरुसिद्धप्पा. बुरूज झाला, बारव झाली, शेतं झाली. देवळाला नमस्कार करून सगळे पन्हळीपाशी आले, आणि गुरुसिद्धप्पा गर्रकन मागे फिरून आल्या वाटेने चालू लागले. त्यांचं बघून अख्खी रांग जागच्या जागी वळली. सगळ्यात शेवटी असलेली देवयानी आता आपोआप सगळ्यात पुढे झाली.

"अण्णा, मागं कुठं निघालात? ही गोल फेरी आहे!"

"गोलच हाय की. पन आमच्यात गोल हितंच संपतंय."

"म्हणजे?"

"म्हंजे महादेवाचं तीर्थ वलांडायचं न्हाय. पन्हळीपातूर यायचं आन् मागं फिरायचं. शंकराची परदक्षिणा अशीच असती, मॅडम."

"अहो, ती देवळातली! इथं अख्ख्या गावाला?"

"पानी तेच हाय की."

आमच्या गावात हेच चालतं. शेजारच्या अंगणातून विस्तव आणायचा तरी माणसं गावाला वळसा घालतात. देवयानी पाहणीला एकटीच आली होती, तेव्हा पन्हळीवरून टुणकन उडी मारून गेली. उडी मी ऐकली होती, पण माझं विचारतो कोण!

हुग्गीचा वास इकडे येत होता. समोर नागव्वा पळी घेऊन उभी. हृषीकेश नावाच्या एका तरुणाला राहवलं नाही. त्याने पाय उचलला.

"ए बाळा, वलांडू नको!" नागव्वाच ओरडली. "माज्या अन्नाला दोष लागंल!"

त्याचा पाय हवेतच राहिला. मग गुरुसिद्धप्पांना काहीतरी आठवलं. "वर दगूड झाकला तर वलांडता येतंय म्हनत्यात. शिळा पायजे, लांब, सपाट."

हळूहळू सगळे माझ्याकडे बघू लागले.

सपाट बाजू वर म्हणजे तोंड खाली. पुन्हा चिखल, पुन्हा अंधार, वर लोकांचे बूट. देवयानी "नको, नको" म्हणत होती, पण तिच्यामागे पोटात कावळे ओरडणारी गर्दी होती. दोघांनी माझ्या खांद्याला हातही घातला.

"त्येला हात लावायचा न्हाय!" पलीकडून नागव्वाचा आवाज फुटला. "लई बडवलंय मी त्येला. माज्या जलमात पयल्यांदा उबा ऱ्हायलाय, ऱ्हाऊ दे उबा. तुमी मागं फिरा आन् वेशीकडनं चालत या. भूक लागंल."

"जेवण गार होईल, आज्जी," देवयानी म्हणाली.

"हुंदे की. चूल हाय, मी हाय."

त्या बाईने कितीतरी वर्षांनी माणसांसाठी रांधलं होतं, आणि माझ्यासाठी ती ते गार करायला निघाली. मला हात असते तर मी जोडले असते.

मंडळी कुरकुरत अख्खा वळसा उलटा चालली. पोचली तेव्हा सगळे इतके भुकेले होते, की भाकऱ्या संपल्या आणि नागव्वाला पुन्हा परात ओढून बसावं लागलं. ती वैतागल्याचं दाखवत होती, पण हसू काही लपत नव्हतं. हृषीकेशने तीनदा हुग्गी घेतली.

आता पाटीवरच्या बाणाला दोन्हीकडे टोकं आहेत. माझ्याशेजारी उभं राहून माणसं फोटो काढतात, मिशीला हात लावतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू! दिवस कलला की नागव्वा पूर्ण वळसा घालून माझ्यापाशी येते. देव म्हणून समोरून कुंकू लावते आणि मग मागे जाऊन, जुन्या सवयीने, माझ्या पाठीला पाठ लावून बसते. साबण परत महागलाय.

तुम्ही आलात तर मिशा बघाच, पण एकदा माझ्या पाठीवरूनही हात फिरवा. पुढे कोरलेल्या वीराचं नाव कुणालाच माहीत नाही. मागचा गुळगुळीतपणा नागव्वाचा आहे. एवढं केलंत, की मुकाट्याने मागे फिरा आणि वेशीकडून चालत जा. भूक लागेल.